मोटर सुरू झाली आहे

नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत मला अजूनही ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी कोणाची चूक दुरुस्त करत नाही. खरी गोष्ट एवढीच की, तीसेक वर्षांपूर्वी मी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सहा कॉम्प्युटर मांडून क्लास काढला होता. चपला बाहेर काढाव्या लागत. स्क्रीनला बोट लावायची सक्त मनाई होती. आणि समोरच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं, माझ्याच वळणदार अक्षरात, लिहिलेलं होतं : ‘आधी वाचा, मग बटण दाबा.’ अर्ध्या गल्लीची पोरं त्या वाक्याखाली बसून टायपिंग शिकली. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, मी एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात लागलो आणि मागच्या वर्षी तिथून रिटायर झालो. क्लासच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं विकतात. ‘सर’ तेवढं माझ्याकडे राहिलं.

घरात या पदवीला कोणी विचारत नाही. मुलगी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती तिथे नेमकं काय करते हे मी तिला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तिनं नीट समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा मी ‘अच्छा, म्हणजे तेच’ असं म्हणालो. आता कोणी विचारलं की मी ‘क्लाउडमध्ये आहे’ एवढं सांगून चहाचा विषय काढतो. माझा फोन अडला की मी तो तिच्यापुढे धरतो आणि म्हणतो, ‘‘बघ गं जरा, तुझ्या आईनं काहीतरी करून ठेवलं वाटतं.’’ ती दोन ठिकाणी बोट लावते आणि फोन परत देते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिचं ते न बघणं मला फार लागतं. घरात माझ्याहून अडाणी कोणीतरी असायला हवं, असं तेव्हा मनापासून वाटतं, आणि देवाच्या कृपेनं मला वडील आहेत.

बाबा काटोलजवळ आमच्या गावात राहतात. वय ब्याऐंशी. संत्र्याची बाग आहे, ती ते अजून स्वतः बघतात. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरला चला म्हणून खूप सांगून पाहिलं. ‘‘बाग कोठी ठेवू? तुह्या बाल्कनीत?’’ असं विचारून त्यांनी तो विषय संपवला. मग मी माझा जुना फोन त्यांना नेऊन दिला आणि पुऱ्या दोन दिवसांचा क्लास घेतला. शिकवताना मी ओरडलो, हेही सांगून टाकतो. स्क्रीनवर बोट असं ठेवा, तसं नाही, किती वेळा सांगायचं बाबा. सहा कॉम्प्युटरवाल्या क्लासात मी कधी कोणावर ओरडलो नव्हतो, पण ती लोकांची पोरं होती.

बाबा शिकले आणि फोन करू लागले. त्यांचा फोन म्हणजे आधी हवा, मग शेजाऱ्याच्या गोऱ्ह्यानं कुंपण कसं तोडलं, मग कोणाच्या घरी कोण आलं, आणि मुद्दा असलाच तर सगळ्यात शेवटी. मी तेव्हा नोकरीत होतो. मी म्हणायचो, ‘‘बाबा, थोडक्यात सांगा, साहेबांसमोर आहे.’’ साहेबांसमोर मी फारसा कधी नसायचो. बहुतेक वेळा कँटीनमध्ये असायचो. पण ते थोडक्यात सांगायचं एवढं अंगवळणी पडलं की, रिटायर झाल्यावरही माझ्या तोंडून तेच निघे, आणि साहेबाच्या जागी मी डॉक्टर, बँक, ट्रॅफिक असं जे सुचेल ते घालायचो.

यावर उपाय मीच काढला. मी त्यांना बोलके मेसेज शिकवले. माइकच्या चित्रावर बोट दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. ‘‘तुम्ही तुमच्या वेळेनं बोला, मी माझ्या वेळेनं ऐकतो,’’ असं मी म्हणालो. हे मला फार उदार वाटलं होतं. आम्हा चौघांचा, म्हणजे बाबा, मी, बायको आणि मुलगी यांचा एक ग्रुप केला आणि त्याला ‘घर’ नाव दिलं. उत्तर कसं द्यायचं तेही शिकवलं. म्हणालो, ‘‘बाबा, दरवेळी बोलायची गरज नाही. नुसता अंगठा पाठवला तरी चालतं.’’

बाबा म्हणाले, ‘‘असं कसं गा? माणूस आपल्यासंग बोलला तं बोला लागते.’’

तेव्हापासून रोज सकाळी सहाच्या सुमारास ‘घर’मध्ये बाबांचा मेसेज येऊ लागला. बागेत उभं राहूनच ते बोलत. सुरुवात ठरलेली : ‘‘हं. मी बोलून रायलो. काटोलवरून.’’ जणू आम्हाला काटोलवरून पाच-सहा जण मेसेज पाठवतात. शेवटी ‘‘ठेवतो’’ म्हणत आणि पुढे अर्धा मिनिट ठेवत नसत. त्यात त्यांच्या चपलांचा आवाज येई, खाकरणं येई, कुठलासा पक्षी येई. पहिला आठवडा मी सगळं ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात मी अर्धं ऐकलं. मग मला असं दिसून आलं की मेसेज आल्याबरोबर अंगठा पाठवला तर बाबांनाही बरं वाटतं आणि माझाही चहा गरम राहतो. पुढे पुढे तर माझा हात एवढा बसला की मेसेज चार मिनिटांचा असला तरी माझा अंगठा सात-आठ सेकंदांत पोचायचा. बायको एकदा म्हणाली, ‘‘एवढ्या लवकर ऐकलं?’’ मी म्हणालो, ‘‘मुद्दा माहीत असतो.’’

मुलगी सगळे ऐकायची. कंपनीच्या बसमध्ये बसली की कानात ते बिनवायरचे बोळे घालायची आणि आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, दीडपट वेगात लावायची. तिचं म्हणणं, आबा दीडपट वेगातही निवांतच वाटतात. मग ती त्यांना तसाच बोलून मेसेज पाठवायची. मला यात तिचं कौतुक वाटण्याऐवजी गंमत वाटायची. आमच्या घराण्यात माझे आजोबा कागदावर अंगठा उठवत, बाबा सही शिकले, मी कॉम्प्युटर शिकलो आणि शेवटी पुन्हा अंगठ्यावर आलो, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

आता मोटरचं सांगतो. बाबांचे गुडघे गेले तसं विहिरीपर्यंत जाणं त्यांना जड होऊ लागलं. विहिरीवरची मोटर चालू-बंद करायला बांधावरून जावं लागतं. मी शोध लावला की, मोबाइलवर चालणारा डबा मिळतो. मोटरच्या स्टार्टरला तो जोडायचा, त्यात सिमकार्ड घालायचं, आणि घरून फोन लावायचा. आतली बाई मराठीत बोलते, आपण एक दाबलं की मोटर सुरू, दोन दाबलं की बंद. आपल्याकडे अर्ध्या शेतकऱ्यांकडे हा डबा कधीचा आहे. पण मी तो बसवून घेतला तेव्हा मला वाटलं की शेतीत नवं युग मीच आणलं. डब्यात दोन नंबर टाकले, एक बाबांचा आणि एक माझा. बाबांनी तो डबा एकदाही वापरला नाही. ‘‘मोटर सुरू केली तं पाणी कोठी जाते हे पाहाले जाच लागते. मंग फोन कायले?’’ असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, बाबा, तुम्हाला टेक्नॉलॉजी कळत नाही.

ज्यांना संत्र्याची माहिती नाही त्यांच्यासाठी इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. मला त्या दोन्ही कधीच्याच माहीत आहेत, त्यामुळे पुढे जे झालं त्यात अज्ञानाची सबब मला सांगता येत नाही. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात. भारी जमिनीत दीड-दोन महिने एक थेंब देत नाहीत. पानं मलूल होतात, कोमेजतात, थोडी गळतातही. याला ताण देणं म्हणतात. मग जानेवारीत दिवस बघून पहिलं पाणी द्यायचं, की झाड फुलांनी भरून येतं. ताण अर्धवट असताना मध्येच पाणी मिळालं, तर झाड फुलांचा विचार सोडून देतं आणि कोवळी पानं काढत बसतं. त्या पानांना नवती म्हणतात. दिसायला फार सुंदर दिसते. तिला संत्री लागत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या बागेत विहिरीजवळ बेचाळीस झाडं आहेत. माझी मुलगी झाली त्या वर्षी बाबा आणि आईनं ती लावली. आई खड्ड्यात शेणखत टाकत होती आणि बाबा कलम धरून उभे होते, हे मी पाहिलेलं आहे. मी तेव्हा बांधावर फोटो काढत होतो. ती झाडं आता म्हातारी झाली. काही सुकू लागली. दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘विहिरीजवळच्या झाडाईचा यंदा शेवटचा बहार घेतो. एक डाव फुलली पाहतो अन् मंग काढून टाकतो.’’ मी म्हणालो, ‘‘बरोबर आहे, जुन्या सिस्टीम ठेवून काय करायच्या.’’ असं मी म्हणालो हे मला आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं.

डिसेंबरातला रविवार होता. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी तिघं जण घरी तर्री पोहे खायला आले होते. सगळे रिटायर. अशा मंडळींत दोनच विषय असतात, साखर आणि नातवंडं, पण त्या दिवशी एकानं तिसराच काढला. त्याच्या मुलानं घरात असे दिवे लावून दिले होते की, हा नुसता बोलला की ते लागतात. तो पोहे खाता खाता ते एवढं रंगवून सांगत होता की, मला पोहे बेचव लागू लागले. कॉम्प्युटरवाले सर मी, आणि दिवे याचे!

मी खाली प्लेट ठेवली. म्हणालो, ‘‘दिवा तर समोरच्या भिंतीवर असतो. माझी मोटर साठ किलोमीटरवर आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे इथून सुरू करतो. काटोलची.’’

‘‘काय सांगून राहिला बे!’’ दिवेवाला म्हणाला.

मी फोन स्पीकरवर लावला आणि टीपॉयवर ठेवला. डब्यातली बाई बोलू लागली. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि क्लासात पहिल्या दिवशी दाबायचो तसं, जरा लांबून बोट आणून, एक दाबलं. दोन-तीन सेकंद गेले. मग ती बाई स्पष्ट शब्दांत म्हणाली, ‘‘मोटर सुरू झाली आहे.’’

तिघांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. एक जण म्हणाला, ‘‘शेवटी सर ते सरच गा.’’ बायको स्वयंपाकघरातून तर्रीचं भांडं घेऊन आली, सगळ्यांनी आणखी एकेक प्लेट घेतली, आणि बोलणं पुन्हा साखरेवर गेलं. मोटर बंद करायला दोन दाबायचं असतं, ते मी दाबलं नाही. विसरलो, एवढंच. टाळ्यांचा आवाज कानात होता. त्या आठवड्यात शेतीची लाइन, म्हणजे वीज, दिवसा होती. दुपारी ती गेली तेव्हा मोटर आपोआप बंद पडली. तोवर ती चार तासांवर चालली होती, आणि बाबा सकाळीच बाग बघून घरी गेले होते.

सोमवारी सकाळी सहाला मेसेज आला नाही. फोन आला. मी सवयीनं ‘‘बाबा, थोडक्यात’’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनीच थोडक्यात सांगितलं.

‘‘काल मोटर तू लावली का गा?’’

‘‘हो बाबा, म्हणजे दोनच मिनिटं, दाखवायला…’’

‘‘विहिरीजवळच्या सगळ्या आळ्याईत पाणी भरलं आहे.’’

मी म्हणालो, ‘‘असं कसं? तिथल्या पाइपाचा वॉल तर बंद असेल ना?’’

मग ते ‘‘ठेवतो’’ म्हणाले आणि या वेळी खरंच ठेवला.

मी माझा स्वभाव सांगतो, पहिला विचार असा आला की चूक बाबांची आहे. वॉल उघडा ठेवला तर सांगायला नको? मी हे बायकोला तावातावानं सांगत होतो. मुलगी कामावर जायच्या तयारीत होती. तिनं केस बांधता बांधता विचारलं, ‘‘पप्पा, तुम्ही तो मेसेज ऐकला नव्हता का?’’

‘‘कोणता?’’

तिनं ‘घर’ उघडलं, आठवडाभर मागे गेली आणि फोन टीपॉयवर ठेवला. बरोबर त्याच जागी, जिथे काल टाळ्या पडल्या होत्या. या वेळी तिनं वेग दीडपट केला नाही.

‘‘हं. मी बोलून रायलो. काटोलवरून.’’ मग थंडी. मग शेजाऱ्याचा गोऱ्हा. मग त्या गोऱ्ह्याचा मालक. आम्ही तिघं उभ्यानं ऐकत होतो. तिसऱ्या मिनिटाच्या पुढे बाबा म्हणाले, ‘‘विहिरीजवळच्या झाडाईनं पानं खाली टाकून देल्ली. म्हंजे ताण चांगला बसून रायला. अजून महिनाभर पाणी दाखवाचं नाई. तू तिकडून मोटरले हात लावू नको बरं. पहिल्या भागाचा वॉल खुलाच आहे, माह्या हातानं आता तो फिरत नाई. मोटर बंद आहे तं काई बिघडत नाई म्हना. ऐकलं का? ऐकलं असन तं सांग.’’

त्याच्याखाली माझा अंगठा होता. पिवळा, गुबगुबीत, ताठ उभा. आणि त्याच्याही खाली मुलीचा छोटासा बोलका मेसेज : ‘‘हो आबा, लक्षात आहे.’’

बायको आत गेली. मुलीनं फोन उचलला आणि या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखी न बघता निघून गेली असती तर बरं झालं असतं.

मी त्याच दिवशी काटोलची बस धरली. बसमध्ये बसून मी काय केलं असेल? मोबाइलवर उपाय शोधला. एका परदेशी माणसाचा व्हिडिओ सापडला, तो कुठल्याशा बागेत उभा राहून जमिनीतलं पाणी काढून टाकायची पद्धत दाखवत होता. गावात पोचल्यावर मी थेट बागेत गेलो आणि बाबांपुढे तो धरला. बाबा झाडाखाली काठी टेकून उभे होते. झाडांभोवतीच्या आळ्यांतलं पाणी जिरलं होतं, माती काळी आणि मऊ दिसत होती. बाबांनी काठी तिच्यात खुपसली आणि बाहेर काढली. वीतभर ओली होती.

‘‘हे बघा बाबा, यात सांगितलंय की…’’

‘‘ठेव तो,’’ बाबा म्हणाले.

मी फोन खिशात घातला. मला वाटलं होतं ते चिडतील. लहानपणी चिडले की बाबा मला बांधावर उभं करायचे आणि सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. ते झालं असतं तर मला सोसलं असतं. ते म्हणाले, ‘‘जेवून आला का?’’ मी हो म्हणालो. ‘‘मंग चाल घरी. ऊन लागते तुले.’’ मी साठीला आलेला माणूस, डिसेंबरातलं ऊन, आणि ते मला असं म्हणाले.

वॉल तेवढा मी बंद केला. दोन्ही हातांनी, पाय रोवून, चार वेळा घसरून. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं ते एकमेव उपयोगी काम.

मग वाट पाहणं सुरू झालं. मला रोज आशा वाटायची. संत्र्याच्या बाबतीत मी अचानक धार्मिक झालो. फिरायला जाताना दिवेवाला रोज विचारायचा, ‘‘काय सर, मोटर कशी काय?’’ आणि मी ‘‘मस्त’’ म्हणायचो. सकाळी सहाला मी फोन हातात घेऊन बसायचो. ‘घर’ शांत होतं. आधी वाटलं, बाबांना बरं नाही. मग जेवताना मुलगी सहज म्हणाली की, आबांच्या शेजाऱ्याचा गोऱ्हा विकला. मी विचारलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, ‘‘मेसेज आला ना सकाळी.’’ बाबा आता थेट तिलाच पाठवत होते. त्यात रुसवा नव्हता, असं मुलगी म्हणाली. ती म्हणाली, ‘‘पप्पा, आबा म्हणतात, तुमच्या कामात व्यत्यय नको.’’ मला काम नाही हे बाबांना माहीत आहे.

जानेवारीत ताण तोडायचा दिवस ठरला. आमच्याकडे पहिल्या पाण्याला विहिरीवर नारळ फोडतात आणि घरातला मोठा माणूस स्वतःच्या हातानं मोटर लावतो. मुलगी सुटी काढून आली. बांधावरून बाबांचा हात धरून तीच त्यांना घेऊन गेली, मी मागून ताट घेऊन. नारळ फुटला. बाबांनी हिरव्या बटणाकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘‘दाब वं माय.’’ तिनं विचारलं, ‘‘आबा, आधी वॉल बघून येऊ का?’’ आणि गेली, बघून आली, मग दाबलं. माझ्या भिंतीवरचं वाक्य तिला वाचता येण्याआधीच चुन्याखाली गेलं होतं. तिनं ते कुठे वाचलं असणार?

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. फाट्यावर उतरल्याबरोबर फुलांचा वास आला. माझा जीव भांड्यात पडला, मी जवळजवळ पळतच निघालो. पलीकडच्या भागातली झाडं पांढरी झाली होती, खाली पाकळ्यांचा सडा होता, मधमाश्या घोंघावत होत्या. मग आम्ही विहिरीजवळ आलो. बेचाळीस झाडं हिरवीगार उभी होती. पोपटी, कोवळी, चमकदार पानं, शेंड्यापर्यंत. इतकी तरणी ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. मी एकेका झाडाखाली जाऊन फांद्या वाकवून बघितल्या. सगळ्या झाडांत मिळून मला नऊ फुलं सापडली.

बाबा एका झाडापाशी थांबले. नवतीवरून हात फिरवत म्हणाले, ‘‘चांगली दिसते नाई?’’ मग मुलीला म्हणाले, ‘‘तुह्या आजीनं लावलं होतं हे.’’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बांधाकडे बघत राहिलो. याच बांधावर मी फोटो काढत होतो.

घरी आल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, ‘‘त्या डब्यातून तुहा नंबर काढता येते का? हिचा टाकून दे.’’

काढता येतो, म्हणालो. नंबर काढायचा तर तो ज्याचा आहे त्यानंच फोन लावावा लागतो, असा त्या डब्याचा नियम आहे. म्हणजे ते मलाच करायचं होतं. मी ओसरीवर बसून फोन लावला, विचारलं ते दाबलं, आणि ती बाई तितक्याच स्पष्ट शब्दांत म्हणाली, ‘‘आपला नंबर काढण्यात आला आहे.’’ या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. खात्री करावी म्हणून मी पुन्हा एकदा लावून बघितला. तिनं उचललाच नाही.

मार्चात झाडं तोडली. मी गेलो नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे बाबांचे दुखतात, माझे ठणठणीत आहेत. मुलगी गेली. त्या जागी कलमं कुठली आणायची हे ती आणि आबा मिळून ठरवत होते, ते तिच्या खोलीतून मला ऐकू यायचं. बाबांचा आवाज तिच्या फोनवर दीडपट वेगानं चालायचा आणि खरंच, तेवढ्या वेगातही तो निवांत होता. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. शेजाऱ्यानं दुसरा गोऱ्हा घेतला, हे मला तिथेच कळलं.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी ‘घर’ उघडलं आणि जुने मेसेज पहिल्यापासून ऐकायचं ठरवलं. बरेचसे उघडेनात. फोनमधली जागा भरते म्हणून मीच दर महिन्याला ते साफ करत होतो, आणि मुलीला ती युक्ती मोठ्या अभिमानानं शिकवतही होतो. राहिले होते त्यातले बारा-तेरा ऐकले. कुठलं झाड कसं रुसतं, वॉल कसा फिरवायचा, आई कुठल्या झाडाखाली डबा सोडायची. बाबा मला बाग सांगत होते. रोज थोडी थोडी. मला ती सांभाळता यावी म्हणून.

मग मी माइकवर बोट दाबून धरलं आणि त्यांना एक मेसेज केला. आयुष्यातला माझा पहिला बोलका मेसेज. सुरुवात कशी करावी ते सुचेना, म्हणून म्हणालो, ‘‘हं. मी बोलतोय. नागपूरवरून.’’ मग सगळं सांगितलं. टाळ्यांचं, दोन न दाबल्याचं, कँटीनमधून साहेबांसमोर आहे म्हणायचो ते, आईचं, फोटोचं. माफी मागितली. रडलोही थोडा. बोट सोडलं तेव्हा चार मिनिटं झाली होती. पाठवण्याआधी स्वतःच ऐकून बघितला आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या मिनिटाला मला कंटाळा आला. तरी पाठवला.

फोन हातात धरून बसलो. बाबांनी आता ऐकायला घेतला असेल, कुठवर आले असतील, टाळ्यांपर्यंत की आईपर्यंत, असं मी मनात मोजत होतो. आठ-दहा सेकंदही झाले नसतील. फोन वाजला.

अंगठा होता. पिवळा, गुबगुबीत, ताठ उभा. मी त्याच्याकडे बघत राहिलो. काटोलला, बागेत उभं राहून, बाबा इतके महिने रोज सकाळी हेच बघत होते.